घाटापलीकडचे चित्र : टीव्हीच्या सर्किटांचा आढावा

अकोल्याहून वाशीमकडे निघाले की पातूर मागे पडते, घाट लागतो, जंगल सुरू होते आणि पुढे मेडशी येते. मालेगाव तालुक्यातले हे गाव. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तेही अकोल्यातच होते. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी पायनघाट आणि बालाघाट असे दोन शब्द असत. अकोल्याकडचा सपाट काळ्या मातीचा मुलूख तो पायनघाट, आणि डोंगर चढून वर आले की बालाघाट. मेडशी या दोहोंच्या सांध्यावरचे गाव. रस्त्याने जाणाऱ्याला अशी जागा सोयीची, पण टीव्हीच्या लहरींना ती नडते.

या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. मनोरा १०० मीटर उंच आणि घरावरचा अँटेना १० मीटरवर धरला, तर मधे एकही टेकडी नसताना हिशेब ५४ किलोमीटरच्या आसपास संपतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. खेडोपाडी टीव्ही पोचला तो मात्र १९८४ नंतर, दूरदर्शनने काही महिने दिवसाला एक या वेगाने लहान प्रक्षेपण केंद्रे उभारली तेव्हा. त्यांतली बहुतेक १०० वॉटची होती. तेवढ्या ताकदीवर वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत चित्र नीट दिसे. त्यापुढच्या गावांना जे मिळे ते काठावरचे, विरलेले.

ते दृश्य त्या पिढीतल्या कुणालाही आठवेल. पोरगा माळवदावर चढून पाइप फिरवतोय, खाली दारात आई किंवा काकू उभी. वरून आवाज, “आलं काय?” खालून उत्तर, “नाई ना, मुंग्याच हायेत! अजून थोडा फिरव!”

टीव्हीच्या तंत्राचा इतिहास बहुतेक वेळा पडद्याच्या आकारावरून सांगितला जातो : आधी कृष्णधवल, मग रंगीत, मग सपाट, मग भिंतभर. मला तो त्या माळवदावरून सांगायचा आहे. मनोऱ्याच्या पायथ्याशी कुठलाही संच चांगलेच चित्र दाखवतो. सर्किटाची खरी परीक्षा सिग्नल कमकुवत असतो तिथे, वीज बसते तिथे, पाऊस कोसळतो तिथे होते. या परीक्षेला जे शोध उतरले ते मला मोठे वाटतात, मग जाहिरातीत त्यांचे नाव असो वा नसो.

सुरुवात एका ओळीपासून करू. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ६२५ ओळींचे, सेकंदाला २५ वेळा काढलेले. म्हणजे एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. त्यातल्या सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत चित्र असते आणि उरलेल्या १२ मध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत उजव्या कडेवरून पुन्हा डावीकडे येतो. या परतीच्या वेळेत प्रक्षेपण केंद्र एक ठोका पाठवते. ‘आता नवी ओळ सुरू कर’ एवढाच त्याचा अर्थ. तो ठोका ऐकू आला नाही तर पडद्यावरचे सगळे चित्र फाटते, तिरके होते, ओळी जागच्या हलतात.

सिग्नल कमी-जास्त होतो, म्हणून पहिला इलाज संचाने स्वतःच प्रवर्धन कमी-जास्त करणे. हॅरल्ड व्हीलर यांनी १९२५ मध्ये रेडिओसाठी असे स्वयंचलित सर्किट केले. टीव्हीत ते आणताना एक अडचण होती. रेडिओत सरासरी पातळी मोजली की भागते, पण टीव्हीत प्रसंगातला उजेड बदलला की सिग्नल खरोखर बदलतो, आणि भाबडे सर्किट त्यालाच ताकदीतली घट-वाढ समजेल. तोडगा असा निघाला की चित्राकडे पाहायचेच नाही, फक्त त्या ठोक्याची उंची मोजायची. पडद्यावर रात्र असो वा भर दुपार, ठोक्याची उंची प्रक्षेपणात ठरलेलीच असते. घरी येताना तो जितका खुजा झाला, तितके प्रवर्धन वाढवायचे. इतकी नेमकी कल्पना, आणि पाहणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

पण प्रवर्धन वाढवले की गोंगाटही वाढतो. मुंग्या म्हणतात त्या बहुतांशी याच. संचाच्या पहिल्याच टप्प्यातल्या इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे होणारी वळवळ आपण पडद्यावर पाहत असतो. बेल प्रयोगशाळेतल्या हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये याचे गणित मांडले : साखळीतला पहिला प्रवर्धक सगळ्यांत महत्त्वाचा, पुढचे सारे त्याने केलेल्या चुकीलाच मोठे करतात. म्हणून सिग्नल वाढवणारा बूस्टर पाइपाच्या टोकाला, अँटेनाला चिकटून हवा. आपल्याकडे कित्येक घरांत तो खाली टीव्हीशेजारी ठेवलेला असे. सिग्नल वायरीतून उतरताना आधीच अर्धा झालेला, आणि बूस्टर त्या उरलेल्या सिग्नलसोबत गोंगाटही वाढवत बसे. दुकानदाराने एक वाक्य सांगितले असते तर गावातली निम्मी चित्रे सुधारली असती.

मुंग्यांहून वाईट म्हणजे अचानकचे फटकारे. रस्त्यावरून राजदूत मोटारसायकल गेली, शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली की पडद्यावर ठिपके उमटत. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत सिग्नल उलटा असतो : जास्तीत जास्त ताकद म्हणजे काळे, कमीत कमी म्हणजे पांढरे. त्यामुळे असा फटकारा पांढरा झगमगाट न होता काळा ठिपका होतो आणि डोळ्याला कमी टोचतो. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ठोकाही त्याच ‘काळ्याहून काळ्या’ टोकाला असतो, म्हणून फटकारा ठोक्याचे सोंग घेतो आणि ओळ भलत्या वेळी सुरू होते.

यावरचा उपाय माझ्या मते टीव्हीतल्या सगळ्यांत सुंदर सर्किटांपैकी एक. इंग्रजीत त्याला फ्लायव्हीलचे नाव आहे, आणि ते नाव खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे जड चाक आठवा. इंजिन एखादा ठोका चुकले तरी चाक थांबत नाही, फिरतच राहते. टीव्हीतले हे सर्किट सेकंदाला १५,६२५ ओळींची स्वतःची लय धरते. येणारा प्रत्येक ठोका ते आज्ञा म्हणून पाळत नाही, पुष्कळ ठोक्यांची सरासरी पाहून आपली लय हळूहळू सुधारत जाते. एखादा ठोका बुडाला, एखादा खोटा आला, तरी चित्र उभे राहते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी संचांत हे सर्रास आले, आणि आपल्या गावातल्या संचांपर्यंत पोचले तेव्हा ते इतके मुरलेले होते की कुणी त्याचे नावही घेतले नाही. ज्या संचात ते नीट जुळवलेले नसे, त्याच्या मागच्या, ओळींची लय जुळवणाऱ्या एच-होल्डच्या बटणाशी घरातला एक माणूस कायम झटत असे.

एका गोष्टीवर मात्र सर्किटांना फार काळ उत्तर नव्हते. डोंगराळ भागात सिग्नल दोन वाटांनी येतो, एक थेट आणि एक टेकडीवर आपटून. दुसऱ्या वाटेला ३०० मीटर जास्त चालावे लागले तर तो एक मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. वीस इंची संचावर ५२ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक माणसाच्या उजवीकडे साधारण ८ मिलिमीटरवर त्याचे फिकट भूत उभे. मोजपट्टी पडद्याला लावून टेकडीचा हिशेब करता येईल इतके हे सरळ आहे. जपानात १९८० च्या दशकाच्या शेवटी असे भूत पुसणारी सर्किटे प्रसारणासकट वापरात आली, आपल्याकडच्या घरांत ती आली नाहीत. इथे उपयोगी पडला तो १९२६ चा शोध. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांचा काड्यांचा अँटेना एकाच दिशेने ऐकतो, बाजूचे बरेचसे सोडून देतो. माळवदावरचा पोरगा पाइप फिरवत असे, तेव्हा तो खऱ्या अर्थाने सिग्नलवर प्रक्रियाच करत होता.

विजेचा प्रश्न तितकाच मोठा होता. रब्बीत विहिरींवरचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसे आणि चित्र चारी बाजूंनी आत ओढले जाई. स्टॅबिलायझरची खटखट हा संध्याकाळचा नेहमीचा आवाज. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ असे तेव्हा लहान कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावलेले लोकांनी पाहिले आहेत. यातून सुटका केली ती एसएमपीएसने, मेकॅनिकच्या भाषेत ‘चॉपर’ने. आलेली वीज आधी सरळ करायची, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडायचे, आणि व्होल्टेज बसले की तुकडे रुंद, चढले की अरुंद करायचे. मग १०० व्होल्ट येवोत की २७०, आतल्या सर्किटाला फरक जाणवत नाही. चित्राशी याचा थेट संबंध नाही म्हणून अशा आढाव्यांत याला जागा मिळत नाही. मला विचाराल तर गावाकडे टीव्ही टिकवणाऱ्या शोधांत हा पहिल्या तिघांत आहे.

आता रंग. १५ ऑगस्ट १९८२ ला भारतात रंगीत प्रसारण सुरू झाले, आणि आपण पाल पद्धत घेतली. हा निर्णय योग्य होता. का, ते समजून घेण्यासारखे आहे.

रंगीत सिग्नल जुन्या कृष्णधवल संचांवरही दिसायला हवा, ही पहिली अट. फ्रान्समधल्या जॉर्ज वालेन्सी यांनी १९३८ मध्येच मार्ग सुचवला होता : उजेड वेगळा पाठवा, रंग वेगळा. कृष्णधवल संच उजेड घेईल आणि रंगाकडे दुर्लक्ष करेल. अमेरिकेने १९५३ मध्ये हे प्रत्यक्षात आणले. त्यांच्या पद्धतीत रंग कोणता हे एका लहरीच्या कलेवरून ठरे, म्हणजे ती लहर ठरलेल्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे यावरून. वाटेत डोंगर, इमारती, लांब केबल यांमुळे कला थोडी सरकली की माणसांचे चेहरे हिरवट किंवा जांभळट होत. तिथल्या संचांना त्यासाठी रंगछटेचे वेगळे बटण द्यावे लागले, आणि प्रेक्षक उठून ते फिरवत बसे.

जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीत वाल्टर ब्रुख यांनी १९६३ मध्ये वेगळी पद्धत मांडली, तीच पाल. रंगाचा एक घटक दर दुसऱ्या ओळीत उलटा करून पाठवायचा. वाटेत चूक झाली तर ती दोन्ही ओळींत सारखीच होणार. पण संच दुसरी ओळ पुन्हा सरळ करतो तेव्हा तिच्यातली चूक उलट दिशेला जाते. दोन ओळींची सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. चेहरा हिरवा होत नाही, रंग फार तर थोडा फिका पडतो, आणि फिकेपणा डोळा खपवून घेतो.

सरासरी काढायची तर आधीची ओळ ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवावी लागते. तेव्हा स्मृतीच्या चिप स्वस्त नव्हत्या. इलाज होता काचेचा. विजेचा सिग्नल एका स्फटिकाने कंपनात बदलायचा, ते कंपन काचेच्या पातळ तुकड्यातून सोडायचे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा विजेत आणायचे. काचेतून कंपन सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे ६४ मायक्रोसेकंदांसाठी सोळा-सतरा सेंटिमीटरची वाट हवी. काचेच्या कडांवर पुन्हा पुन्हा परावर्तन करून ती वाट चपट्या डबीएवढ्या जागेत बसवलेली असे. जुना रंगीत संच उघडला की बोर्डवर ती डबी दिसते. वऱ्हाडातल्या प्रत्येक रंगीत टीव्हीत एक ओळ क्षणभर काचेतून आवाजाच्या रूपात जात होती, हे मला आजही थक्क करते. पुढे १९९० च्या दशकात हेच काम चिपने उचलले आणि काच गेली.

त्याच दशकात अख्खी सर्किटे एका-दोन आयसींत मावू लागली. संच स्वस्त झाले. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, आणि मराठवाडा-विदर्भातल्या घरांत त्या नावाचे संच सर्वत्र होते. पुढे कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. दुरुस्ती मात्र या काळात गावाच्या हातात होती. पडद्यावर एकच आडवी रेघ म्हणजे व्हर्टिकल आयसी. आवाज आहे, उजेड नाही, तर एलओटी, म्हणजे ट्यूबला उच्च दाब देणारा ट्रान्सफॉर्मर, बघ. मूळ बोर्ड मिळत नसेल तर ‘चायना किट’ टाकून जुनी ट्यूब चालू ठेवायची. दोष पडद्यावर दिसे आणि दोषाच्या रूपावरून मेकॅनिक आत शिरे. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते.

केबलने मधली दहा-पंधरा वर्षे व्यापली. तांत्रिक दृष्टीने तिने नवे फार काही दिले नाही. खांबाखांबावरचे प्रवर्धक फ्रीस यांच्याच नियमाने गोंगाट साठवत गेले, आणि शेवटच्या घरी मुंग्या पोचल्याच.

मोठी उलथापालथ डिजिटलची. स्टुडिओतले साधे चित्र आकड्यांत उतरवले तर सेकंदाला २१.६ कोटी बिट होतात. इतके उपग्रहावरून पाठवणे परवडणारे नव्हते. ते तीस-चाळीस लाखांवर आणणाऱ्या कामात आपल्या लोकांचा मोठा वाटा आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये असे गणित प्रसिद्ध केले, ज्याने चित्राच्या लहान चौकटीतला बहुतेक आशय मोजक्या आकड्यांत गोळा होतो. आणि मुंबईत जन्मलेले, आयआयटी मुंबईतून १९६७ मध्ये बाहेर पडलेले अरुण नेत्रावळी बेल प्रयोगशाळेत हालचालीच्या प्रश्नावर काम करत होते. त्यांचा आणि जे. डी. रॉबिन्स यांचा १९७९ चा शोधनिबंध या विषयात पायाभूत मानला जातो. पुढे नेत्रावळी बेल प्रयोगशाळेचे अध्यक्ष झाले, २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांच्या कामाचा गाभा मेडशीच्या एसटी थांब्यावर समजतो. बस डावीकडून उजवीकडे जाते. मागची झाडे, टपऱ्या, फलक तसेच असतात. मग दर क्षणी अख्खे चित्र का पाठवायचे? ‘बसचे हे चौकोन सहा ठिपके उजवीकडे सरकव’ एवढेच सांगायचे, आणि बसने मोकळी केलेली जागा तेवढी नव्याने रंगवायची. अवघड आहे ते चौकोन किती सरकला हे गोंगाटातून, घाईत, अचूक ओळखणे. ते जमले म्हणून उपग्रहाच्या ज्या एका पट्टीवर पूर्वी एक वाहिनी मावे, तिथे दहा-बारा मावू लागल्या. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत छत्री सेवा सुरू झाली ती याच पायावर. आजची डीडी फ्री डिश. महिन्याचे पैसे न देता डोंगराआडच्या घराला आणि मुंबईतल्या घराला अगदी सारखे चित्र मिळू लागले. टेकडी, क्षितिज, भूत, सगळे एका झटक्यात संपले. जमिनीवरचे जुने ॲनालॉग मनोरे दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले. २०२२ पर्यंत मोजके सोडून सारे थांबले.

आता माझी तक्रार. डिजिटल सिग्नलसोबत चूक दुरुस्त करणारे जादा आकडे जातात. प्रत्येक २०४ बाइटच्या गठ्ठ्यातले ८ बाइटपर्यंत बिघडले तरी संच ते मुळासारखे करून घेतो. पण ही मर्यादा ओलांडली की मधला मार्ग उरत नाही. आधी चौकोन दिसतात. ते अहमद यांच्या गणिताचे चौकोन, कारण चित्र चौकटींत चिरलेले असते. मग चित्र गोठते, मग निळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’. ॲनालॉगमध्ये मुंग्यांतूनही बातम्यांचा आवाज ऐकू येई, चेहरा ओळखता येई. तो सिग्नल हळूहळू विरत असे, तुटत नसे. छत्रीच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पावसाचे जाड थेंब त्यांना शोषतात. म्हणजे आभाळ फाटते, नाल्याला पूर येतो, सोयाबीनचे काय होणार हे कळायला हवे, नेमक्या त्या अर्ध्या तासात पडदा मुका. सारख्या चित्राच्या बदल्यात आपण हे दिले. सौदा एकंदरीत फायद्याचा होता असेच मी म्हणेन, पण ज्याने दिले त्याला कुणी विचारले नव्हते.

सपाट पडद्यांनी आणखी एक थर चढवला. फ्री डिशवरचे नेहमीचे चित्र ५७६ ओळींचे आणि एकाआड एक ओळींनी येणारे. पडदा मात्र ७६८ किंवा १०८० ओळींचा, सगळ्या ओळी एकदम दाखवणारा. नसलेल्या ओळी संचाला कल्पून भराव्या लागतात. कबड्डीत खेळाडू झेपावला की कडा दातेरी दिसते, ती या कल्पनेची चूक. ईव्ह फारूजा यांनी या प्रश्नावर उत्तम काम केले. त्या दर्जाची चिप स्वस्त संचात नसते, आणि हालचाल ‘गुळगुळीत’ करण्याची जी सोय दुकानात दाखवतात, ती बंद ठेवलेलीच बरी.

दुरुस्तीबद्दल एक अनुभव. माझ्या ३२ इंची संचाला आवाज होता, चित्र नव्हते. सेवा केंद्रातून उत्तर आले की पॅनल गेला, नवा संच घ्या. एका ओळखीच्या मेकॅनिकने खोलीतला दिवा घालवला, काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावले. आत चित्र हलत होते, बातमीदाराचा चेहरा अगदी फिकट दिसत होता. पॅनल ठीक होता. मागच्या एलईडी पट्टीतला एक दाणा गेला होता, आणि सगळे दाणे एका माळेत असल्यामुळे पूर्ण माळ विझली होती. पट्टी बदलली, संच आजही चालतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले ते चांगलेच. पण सर्किटाचा नकाशा आणि सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळाला, तर मी त्याला हक्क म्हणेन.

पावसाच्या प्रश्नाला सध्या तरी उत्तर चिपमध्ये नाही. मोबाइलवर थेट प्रसारण उतरवण्याच्या चाचण्या देशात चालू आहेत. त्या लहरी जुन्या मनोऱ्यांच्या पट्ट्यातल्या आहेत आणि पावसाला दबत नाहीत, पण टेकडीला दबतील. तोवर करता येण्याजोगी गोष्ट छतावरच आहे. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे मेडशीहून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. ६० सेंटिमीटरच्या छत्रीऐवजी ९० ची लावली तर ती सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, आणि सरींत चित्र तितके जास्त टिकते. पेरणीआधी बोल्ट सैल करून, टीव्हीवरच्या सिग्नलच्या पट्टीकडे पाहत ती नीट बसवून घ्यावी. एक जण वर, एक जण दारात.